अलामोची गोष्ट पहिल्यांदा कोणत्या साली सांगितली गेली?

इथे टेक्सासात सातवीला राज्याचा इतिहास असतो. आपली मराठी मुलंही तो शिकतात, आणि शिकायलाच हवा. ज्या ह्यूस्टन-ऑस्टिनमध्ये आपण घरं घेतली, ती शहरं त्याच इतिहासातल्या माणसांच्या नावांची आहेत. पण १८३५-३६ च्या टेक्सास क्रांतीबद्दल, म्हणजे मेक्सिकोचा भाग असलेलं टेक्सास ज्या लढ्यातून वेगळा देश झालं त्याबद्दल, मुलं घरी येऊन जे सांगतात आणि सॅन अँटोनियोला आलेल्या पाहुण्यांना आपण जे ऐकवतो, त्यात घडलेलं किती आणि नंतर रचलेलं किती, हे फारसं कुणी बघत नाही. मला हे फार खटकतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात लाडका प्रसंग घ्या. मेक्सिकोचा सत्ताधीश सेनापती सांता आना याच्या फौजेचा अलामोला, म्हणजे सॅन अँटोनियोतल्या जुन्या मिशनच्या गढीला, वेढा पडलाय, मदत येणार नाही हे कळून चुकलंय. आतल्या टेक्सासच्या तुकडीचा प्रमुख विल्यम ट्रॅव्हिस तलवारीने जमिनीवर रेघ ओढतो आणि म्हणतो, मरायची तयारी असेल त्याने ही ओलांडावी. मोझेस रोझ नावाचा एकटाच मागे राहतो आणि निसटतो. हा प्रसंग छापून आला तो १८७३ साली. अलामो पडलं ६ मार्च १८३६ ला, म्हणजे मध्ये ३७ वर्षं गेली. लिहिणारा विल्यम झुबर तिथे नव्हता. रोझने माझ्या आईवडिलांना सांगितलं आणि त्यांनी मला, असं झुबरचं म्हणणं.

आता जे पक्कं आहे ते बघा. २४ फेब्रुवारीला ट्रॅव्हिसने लिहिलेलं पत्र आजही आहे, ‘विजय किंवा मृत्यू’ या शब्दांनी संपणारं. आणि १ मार्चला गोन्झालेस गावातली ३२ माणसं वेढ्यातून वाट काढून आत गेली. बाहेर नाही, आत! सॅन फर्नांडो चर्चच्या मनोऱ्यावर ‘कुणालाही जीवदान नाही’ असं सांगणारा लाल झेंडा फडकत असताना. ही गोष्ट हाताशी असताना आपण त्या रेघेला का चिकटून बसतो, हे मला खरंच कळत नाही.

अलामोचा तो प्रसिद्ध दर्शनी भाग, वरची गोलाईदार कमान, टी-शर्टपासून मॅग्नेटपर्यंत सगळीकडे असते ना? ती लढाईच्या वेळी नव्हतीच. १८५० मध्ये अमेरिकन लष्कराने त्या इमारतीवर छप्पर घातलं, तेव्हा ती बांधली. अलामोत लढायला आलेला टेनेसीचा नामांकित शिकारी आणि माजी खासदार डेव्ही क्रॉकेट लढता लढता पडला की पकडून मारला गेला, यावर मात्र लोक हातघाईवर येतात. पकडून मारल्याचं दे ला पेन्या या मेक्सिकन अधिकाऱ्याच्या वृत्तांतात आहे, पण तो प्रसिद्ध झाला १९५५ मध्ये, आणि त्याच्यावर अजून वाद आहे. माझ्या लेखी दोन्ही प्रकारे क्रॉकेट तितकाच मोठा. तो तिथे होता आणि तिथेच मेला, एवढं पुरे आहे.

खरा घोळ कारणांचा आहे. ‘जुलमी सांता आनाविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई’ हे एक टोक, आणि अलीकडे ‘सगळं फक्त गुलामगिरीसाठी’ हे दुसरं. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली, टेक्सासला त्याच वर्षी सूट दिली आणि १८३० च्या कायद्याने अमेरिकेतून येणाऱ्यांचे लोंढे अडवायचा प्रयत्न केला. पुढे सांता आनाने १८२४ ची संघराज्याची घटना गुंडाळून सारी सत्ता केंद्राकडे ओढली. त्याविरुद्ध टेक्सासच्या आधी साकातेकास हे मेक्सिकोचंच राज्य उठलं, आणि मे १८३५ मध्ये त्याने ते चिरडलं. म्हणजे भांडण फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांचं नव्हतंच. नोव्हेंबर १८३५ पर्यंत टेक्सासचे पुढारीही आपण १८२४ च्या घटनेसाठी लढतोय असंच सांगत होते.

पण मग मार्च १८३६ मध्ये, अलामो पडलं त्याच पंधरवड्यात, याच लोकांनी स्वतंत्र टेक्सासची स्वतःची घटना लिहिली. टेक्सासच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, गुलाम मुक्त करता येणार नाही, आणि काँग्रेसच्या परवानगीशिवाय स्वतंत्र काळ्या माणसाला इथे कायमचं राहताही येणार नाही, हे तिच्यात स्पष्ट लिहिलंय. हे कुणी ३७ वर्षांनी ऐकून लिहिलेलं नाही. त्यांनी स्वतःच्या सहीने लिहिलंय. क्रांतीचं एकमेव कारण गुलामगिरी होती असं मी म्हणणार नाही. पण पुस्तकात ती तळटीपेत ढकलणं हा शुद्ध खोटेपणा आहे.

ट्रॅव्हिसचा गुलाम ज्यो आठवा. तो त्या पहाटे ट्रॅव्हिसच्या बरोबर तटावर होता, मालक पडलेला त्याने पाहिला. नंतर त्याने टेक्सासच्या मंत्रिमंडळापुढे साक्ष दिली, आणि अलामोच्या आतलं आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच त्याच्या तोंडचं आहे. साक्ष झाल्यावर त्याला ट्रॅव्हिसच्या मालमत्तेत जमा केलं गेलं. २१ एप्रिल १८३७ ला, टेक्सासने सांता आनाला हरवलं त्या सॅन हासिंतोच्या विजयाच्या पहिल्याच वाढदिवशी, तो पळाला, आणि त्याला पकडून आणणाऱ्याला ५० डॉलर बक्षीस जाहीर झालं. सातवीच्या मुलाला रेघेची गोष्ट पाठ असते, ज्योचं नाव माहीत नसतं.

तेहानोंचंही तेच, म्हणजे इथल्या मूळच्या मेक्सिकन रहिवाशांचं. ग्रेगोरिओ एस्पार्झा अलामोच्या आत लढून मेला. भाऊ फ्रान्सिस्को मेक्सिकोच्या बाजूला होता. त्याने परवानगी मागून ग्रेगोरिओला रीतसर पुरलं, बाकीच्यांची प्रेतं जाळली गेली. ती राख फेब्रुवारी १८३७ मध्ये लष्करी इतमामाने पुरली ती हुआन सेगीनने. हा तेहानो अधिकारी अलामोतून बाहेर निरोप पोचवायला गेला होता, म्हणून वाचला. सॅन हासिंतोला त्याच्या माणसांनी हॅटमध्ये पुठ्ठ्याचे तुकडे खोचले होते, आपल्याच सैन्याने शत्रू समजून गोळी घालू नये म्हणून. पुढे तो सॅन अँटोनियोचा महापौर झाला आणि १८४२ मध्ये फितुरीच्या आरोपांमुळे त्याला मेक्सिकोत पळावं लागलं. ज्या देशासाठी लढला, त्याच देशात त्याला जागा उरली नाही. ‘गोरे विरुद्ध मेक्सिकन’ अशी जी सोपी मांडणी आपण ऐकतो, तिच्यात सेगीन बसत नाही, म्हणून त्याला वगळून टाकतात.

कमेंटमध्ये कुणी म्हणेल, आपल्याला काय करायचंय, आपण बाहेरचे. मला हे अजिबात पटत नाही. आपली मुलं इथे जन्मली, त्यांची मुलं इथेच वाढतील, हा त्यांचाही इतिहास आहे. तेव्हा पुढच्या वेळी अलामोला गेलात तर मुलांना तिथूनच चालत सॅन फर्नांडोला न्या. दाराजवळ संगमरवरी पेटी आहे, तिच्यात अलामोच्या वीरांचे अवशेष असल्याचं लिहिलंय. ते अवशेष त्यांचेच का, यावरही वाद आहेत. तिथे उभं राहून मुलांना ट्रॅव्हिस आणि क्रॉकेटबरोबर ज्यो, ग्रेगोरिओ आणि सेगीनही सांगा, आणि ‘हे पहिल्यांदा कुणी, कधी लिहिलं?’ हा प्रश्न त्यांना वर्गात शिक्षकांना बिनधास्त विचारू द्या.