‘एकच फाइल तीनदा चढली’ या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमच्या तीन तक्रारी आहेत: आमचं अपलोड टूल चालवणाऱ्या एआय एजंटनं (स्वतःहून कमांड चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमनं) एकच फाइल तीनदा अपलोड केली, दुसऱ्या एका कामात तो रात्रभर अडकून पडला, आणि ग्राहक क्रमांकांच्या सुरुवातीची शून्यं उडाली. पहिल्या दोन चुका आमच्या. तिसरीबद्दल आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे.

आधी तीनदा चढलेली फाइल. मोठ्या फाइलचा शेवटचा तुकडा पोचला की सर्व्हर सगळ्या ओळी तपासायला घेतो. त्याला वेळ लागला तर टूल ६० सेकंदांनी वाट बघणं सोडायचं आणि एक्झिट कोड १ (बंद होताना टूल देतं तो निकालाचा आकडा; १ म्हणजे बिघाड) देऊन बंद व्हायचं. सर्व्हरवर काम मात्र चालूच असायचं आणि ते पूर्णही व्हायचं. डॉक्युमेंटेशनमध्ये या जागी एकच वाक्य होतं: ‘अपलोड अयशस्वी झाल्यास पुन्हा चालवा.’ माणूस पुन्हा चालवण्याआधी डॅशबोर्डवर नजर टाकतो. एजंटनं मात्र डॉक्युमेंटेशनमध्ये होतं तेवढंच केलं.

आता प्रत्येक अपलोडला इडेम्पोटन्सी की, म्हणजे ते अपलोड ओळखण्याची खूण, द्यावी लागते. तीच की आणि तीच फाइल पुन्हा आली तर सर्व्हर नवीन काही लिहीत नाही, जुनीच पावती परत देतो. की तीच पण फाइल वेगळी असेल तर ४०९ हा ‘विसंगती’ सांगणारा एरर कोड येतो. यातही एक खोच आहे. ‘युनिक की द्या’ एवढंच सांगितलं तर एजंट दर प्रयत्नाला नवी यूयूआयडी (आपोआप बनणारा एकमेव क्रमांक) बनवतो आणि सगळा बंदोबस्त वाया जातो. म्हणून डॉक्युमेंटेशनच्या पानावर क्रमच लिहिला आहे: की बनवा, डेटा फाइलच्या शेजारी साठवा, मग पहिला प्रयत्न करा, पुढच्या प्रत्येक प्रयत्नाला साठवलेलीच की वाचा.

सगळ्या बिघाडांना एकच १ देणं हेही चूक होतं. आता कमांड चुकली तर २, फाइल नाकारली तर ३, तात्पुरती अडचण असेल तर ७५. हा ७५ युनिक्सच्या जुन्या संकेतातलाच आहे, ‘नंतर पुन्हा प्रयत्न करा’ अशा अर्थाचा. डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक कोडपुढे ‘पुन्हा चालवावं का’ याचं हो किंवा नाही असं उत्तर आहे. सर्व्हरकडून ४२९ (‘फार विनंत्या झाल्या’) आला तर त्या उत्तरासोबतच्या रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये जितके सेकंद दिलेत तितकं थांबायचं. आधीचा कोडचा तक्ता चित्र म्हणून टाकला होता. पानाचा नुसता मजकूर वाचणाऱ्या एजंटला तो दिसलाच नसणार. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ हे शब्दही काढलेत, कारण एजंटच्या हाती पुष्कळदा पानाचा शोधून काढलेला एखादा तुकडाच येतो, वरचं काही येत नाही.

अडकण्याचं कारण साधं. ‘टेबल आधीच आहे, पुढे जायचं का?’ असं टूल विचारत होतं आणि उत्तर द्यायला पलीकडे कोणी नव्हतं. इनपुट टर्मिनलवरून येत नसेल, म्हणजे समोर टाइप करणारं कोणी नसेल, तर टूल आता प्रश्न न विचारता कोड २ देऊन थांबतं आणि कोणता पर्याय द्यायचा राहिला तेही सांगतं. ‘सगळ्याला हो’ हा पर्याय मात्र मुद्दाम अपुरा ठेवलाय: ओळी जोडायला तो चालतो, टेबल पुसून नव्यानं भरायचं असेल तर टेबलाचं नाव दुसऱ्यांदा लिहावं लागतं.

आता शून्यं. ती आमच्या टूलनं उडवलेली नाहीत. पावतीत आम्हाला मिळालेल्या फाइलचा एसएचए-२५६ (मजकुरावरून काढलेला फाइलचा जणू ठसा) छापलेला असतो. तुमच्याकडच्या मूळ फाइलच्या एसएचए-२५६ शी तो ताडून पाहा, जुळणार नाही. बहुधा एजंटनं अपलोडआधी फाइल ‘साफ’ करायला पांडाजमध्ये (पायथनच्या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीत) उघडली असावी. तिथं प्रकार सांगितला नाही तर ००४१७ हा आकडा समजून ४१७ होतो, आणि त्याच स्तंभात एखादी जागा रिकामी असली तर ४१७.०. तरीही ‘फाइल आहे तशीच पाठवा, उघडायचीच असेल तर सगळे स्तंभ मजकूर म्हणून वाचा’ हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. आता ते पहिल्या परिच्छेदात आहे.

सगळं डॉक्युमेंटेशन एकाच फाइलमध्ये द्या, ही तुमची सूचना मात्र घेतलेली नाही. एका कमांडसाठी सगळा ग्रंथ वाचायला लावला तर एजंटचा कॉन्टेक्स्ट (एका वेळी लक्षात ठेवता येणारा मजकूर) त्यातच भरतो. त्याऐवजी छोटी अनुक्रमणिका आहे आणि दर कमांडला एक स्वतंत्र, स्वयंपूर्ण पान. वेबवरचं पान आणि तुमच्याकडची आवृत्ती यांत फरक दिसला तर टूलची हेल्प कमांड सांगेल तेच खरं धरा.

राहिल्या तुमच्या टेबलातल्या जादा ओळी. ‘सारख्या दिसणाऱ्या ओळी काढ’ असं एजंटला सांगू नका. मूळ फाइलमध्येच दोनदा असलेल्या खऱ्या नोंदीही त्यात जातील. तीन पावत्यांवर तीन बॅच क्रमांक आहेत (एका अपलोडमधल्या सगळ्या ओळी म्हणजे एक बॅच), त्या क्रमांकांनी बॅच मागे घ्या. आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) करून प्रत्येक बॅचमधल्या किती ओळी निघतील ते पावतीवरच्या आकड्याशी जुळवा. एरवी पहिली बॅच ठेवा म्हटलं असतं, पण शून्यं तिच्यातही नाहीत, तेव्हा तिन्ही काढा आणि मूळ फाइल नव्या कीसह पाठवा.