झेनॉन किटच्या त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

गाडीच्या हेडलाईटमध्ये झेनॉन बल्ब बसवायच्या किटचा एकच मेसेज पंधरा दिवसांत मला तीन ग्रुपवर आला. "हॅलोजन काढून फेका, झेनॉन किट टाका, तिप्पट उजेड, निम्मी बॅटरी, 8000 के घेतलं तर सगळ्यात पॉवरफुल, धुक्यात-पावसात भारी, एक वायर कापायची नाही, पोलीस काही बोलत नाहीत." मी अमळनेर-चोपडा आणि पारोळा-धुळे रस्त्यावर रात्रीचा नेहमी असतो, आणि आपल्यातल्या दोन पोरांनी हे वाचून किट मागवलंय, म्हणून लिहितोय.

तिप्पट उजेड हा पहिला मुद्दा, आणि लोक फसतात ते इथेच. बल्बमधून उजेड जास्त निघतो हे खरंय, 35 वॅटचा चांगला झेनॉन साधारण 3200 लुमेन (उजेडाचं माप) देतो आणि आपला नेहमीचा हॅलोजन बल्ब, म्हणजे 60/55 चा एच फोर (अप्परला 60, डिपरला 55 वॅट), डिपरला हजाराच्या आसपास. पण बल्बमधून किती निघाला आणि रस्त्यावर कुठे पडला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ. एच फोर बल्ब हातात घेऊन बघा, आत दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते म्हणून फोकस रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. आख्खा रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या जागेवरून बनवलेला असतो. झेनॉनमध्ये फिलामेंटच नाही, काचेच्या कुपीत दोन टोकांमध्ये ठिणगी पेटती राहते, तिचा आकार वेगळा, आणि किटमध्ये एकच कुपी लोहचुंबकाने मागेपुढे ओढून अप्पर-डिपर करतात. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की उजेड वर उडतो. शिवाय गाडीच्या पुढचे दहा-पंधरा मीटर इतके पांढरे होतात की बाहुली लहान होते, आपल्याला वाटतं काय भारी दिसतंय, आणि लांबचं उलट कमी दिसतं.

मागच्या कापसाच्या सीझनला चोपड्याहून येताना समोरून असलाच किटवाला आला, डिपरवरच होता बिचारा, पण माझ्या डोळ्यापुढे सगळं पांढरं, आणि माझ्या पुढे कापूस भरलेली ट्रॉली चालली होती, मागे ना लाईट ना रेडियम. ती दिसली तेव्हा जेमतेम गाडीभर अंतर राहिलं होतं, मी गाडी साईडपट्टीच्या खाली उतरवली म्हणून वाचलो. ट्रॅक्टरवाले आबा खाली उतरून आले आणि एवढंच म्हणाले, "काहीच दिखत नही भो." त्यांनाही तेच झालं होतं. आपल्याकडे उसाची ट्रॉली, बैलगाडी, केळीचा ट्रक, सगळं एकाच रस्त्यावर असतं, तिथे समोरच्याला आंधळं करणं म्हणजे त्याच्या आणि आपल्या मधल्या माणसाचा जीव धोक्यात घालणं आहे.

आता 8000 के. के म्हणजे पॉवर नाही, तो रंगाचा आकडा आहे. कंपनीच्या गाड्यांमध्ये झेनॉन साधारण 4300 चा येतो कारण उजेड त्यातच जास्त मिळतो, वर जावं तसा रंग निळा होतो आणि लुमेन कमी होतात. निळसर उजेड डोळ्याला जास्त टोचतो, मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला तर खूपच. धुक्यात जो उजेड वर उडतो तो परत आपल्याकडेच येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. कन्नड घाटात पावसाळ्यात हे चांगलंच कळतं.

निम्मी बॅटरी म्हणाल तर चालू असताना करंट कमी घेतो हे मान्य, पण पेटताना घेतो भरपूर, आणि वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका देऊन पेटतो, वर पूर्ण उजेड यायला काही सेकंद जातात. वायर कापत नाहीत पण हेडलाईटच्या मागच्या रबरी बुटाला (झाकणाला) भोक पाडतात, तिथून धूळ आणि पाणी आत जातं, माझ्या भाच्याचा रिफ्लेक्टर एका पावसाळ्यात काळा पडला.

"मग महागड्या गाड्यांना कंपनीच कशी देते?" त्या गाड्यांना त्या बल्बसाठीच बनवलेला प्रोजेक्टर, म्हणजे उजेड भिंगातून नेमका रस्त्यावर टाकणारा दिवा असतो. युरोपात तर 2000 लुमेनच्या वरच्या बल्बला आपोआप उंची धरणारी सिस्टीम आणि काच धुणारा फवारा लागतो असा नियम होता. आपल्या किटच्या डब्यात यातलं काय येतं?

पोलिसांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 च्या दुरुस्तीत आलेलं 182 ए बघा, परवानगी नसलेल्या एकेका बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आज अडवलं नाही म्हणजे चालतं असं नाही.

उजेड कमी पडतो ही अडचण खरी आहे, मीही भोगलीय. माझ्या गाडीत काच पिवळी पडली होती आणि वायरिंग जुनं. बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो, म्हणून काच पॉलिश करून घ्या, रिले (दिव्याचा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच) टाकून बॅटरीवरून जाड वायर घ्या, चांगल्या कंपनीचा 60/55 च लावा, 100/90 नको, त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो. मग सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी लावून डिपर बघा, उजेडाची वरची रेघ दिव्याच्या मधल्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली पाहिजे. मागे माणसं आणि पोती भरून लग्नाला निघालात तर डॅशबोर्डवरचं ते 0-1-2-3 चं चाक फिरवून फोकस खाली घ्या, बऱ्याच जणांच्या गाडीत ते आहे आणि कधी हातच लावलेला नसतो.