तिकीट पूर्ण, नाटक अर्धं

"ओ ताई, पोरगीला जरा भायेर घेऊन जावा की!"

आणि हे म्हणालं कोण? पुढच्या रांगेतला तो माणूस, ज्याचा मोबाईल पहिल्या अंकात दोनदा वाजला. दुसऱ्यांदा तर त्याने उचलला. "नाटकात हाय ओ, नाटकात. तोडीचं उद्या बघू." याच्या उसाची तोड अख्ख्या सभागृहाला कळली, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. आणि माझी चार वर्षांची चिमी बोलली काय, तर "आई, तो काका खोटं खोटं का रडतोय?" तेही कुजबुजत. बरं, तिची कुजबुज बाल्कनीपर्यंत जाते, मान्य. पण प्रश्न रास्त होता. खोटंच रडत होता तो!

'तीन वर्षांवरील मुलांना पूर्ण तिकीट.' म्हणजे पैसे घेताना प्रेक्षक, तोंड उघडलं की पोरगी.

तीन दिवस माहेरी, कोल्हापूरला आलो होतो. सकाळी अंबाबाई, संध्याकाळी रंकाळा, रात्री नाटक, असा बेत नवऱ्याने मोबाईलवर रंगीत चौकटी करून मांडलेला. त्यात 'चिमी झोप, २ ते ४' अशीही एक चौकट. चिमी झोपली साडेपाचला, रंकाळ्यावर, बाबाच्या खांद्यावर, हातात अर्धं कणीस धरून. म्हणजे रात्री टक्क जागी. साडेनवाचं नाटक, तिसरी घंटा झाली दहाला पाच कमी असताना. मुलांची नाटकं मात्र मे महिन्यात, सकाळी अकराला! त्याआधी जेवणाची बोंब. "पांढरा रस्सा बिनतिखट हाय ओ," म्हणे वेटर. पोरीने एका घोटात तांब्याभर पाणी संपवलं, आणि ते पाणी पहिल्या अंकात तीनदा बाहेर घेऊन गेलं. मी इथलीच, मला कळायला नको होतं?

अरे, मी स्वतः केशवराव भोसलेमध्ये बाबांच्या मांडीवर लोळत वाढले. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर ते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना मोबाईलवर बघितलं आणि रडले. खरं खरं. तिथे आम्हा पोरांना कुणी हाकललं नव्हतं, असं घरी येऊन तावातावाने आईला सांगत होते.

आई भांडी आवरत म्हणाली, "तुला कुठलं हाकलायचं? तू घंटा झाली की भोकाड पसरायचीस. निम्मी नाटकं मी पायरीवर बसून ऐकलीत."

हं.

तर मध्यंतरानंतर मीही पायरीवर. चिमी पायऱ्या चढतेय, उतरतेय, मी दाराच्या फटीला कान लावून. आत टाळ्या पडल्या की जळफळाट. सव्वाबाराला नवरा बाहेर आला. म्हटलं, कसा होता दुसरा अंक?

"चांगला असावा," म्हणाला. गालावर खुर्चीच्या शिवणीचा वळ उमटला होता.