मात्सुएला जायचे तर मुक्कामाला जा

जपानच्या पश्चिम भागात, शिमाने प्रांतात, शिंजी सरोवराच्या पूर्व टोकाला मात्सुए हे शहर वसले आहे. इझुमोच्या प्रसिद्ध देवस्थानाला निघालेले बहुतेक प्रवासी येथे वाटेत उतरतात, किल्ल्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जाऊन छायाचित्रे काढतात आणि दुपारच्या गाडीने पुढे निघतात. हा त्या शहरावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्सुएचे पाणी आणि मात्सुएचा किल्ला वेगळे काढताच येत नाहीत, आणि ही दोन्ही टिकली ती तेथल्या माणसांनी वेळोवेळी सरकारी निर्णयांपुढे मान तुकवली नाही म्हणून.

या भागावर सत्ता असलेल्या होरिओ या सरदार घराण्याने डोंगरातला जुना किल्ला सोडून १६०७ मध्ये येथे बांधकाम सुरू केले. डोंगरावर बचाव होत होता. पण बाजारपेठ वाढवायची, जलमार्गाने माल आणायचा, तर सरोवराकाठची सपाट जागाच हवी होती. ती जागा दलदलीची होती. टेकडीचा एक भाग कापून खंदक काढला आणि त्याच मातीने दलदल भरून वस्तीसाठी जमीन तयार केली.

१६११ मध्ये पूर्ण झालेला काळ्या फळ्यांचा मुख्य मनोरा आजही मूळ लाकडांवर उभा आहे. असे मूळ मनोरे साऱ्या जपानात बाराच उरले आहेत. येथे घाईने वर चढून जाणाऱ्यांची मला कीव येते, कारण खरे पाहण्यासारखे खाली आणि अध्येमध्ये आहे. तळघरात विहीर आहे. खांबांना चहूबाजूंनी फळ्या लावून त्या लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या आहेत. शिवाय दोन-दोन मजल्यांतून आरपार जाणारे खांब वापरून एवढा भार पेलला आहे. जिने हलक्या लाकडाचे आहेत; शत्रू आत शिरल्यास ते वर ओढून घेता यावेत म्हणून, असे सांगितले जाते.

सामुराईंची सत्ता संपून १८६८ मध्ये सुरू झालेल्या मेइजी काळात असे किल्ले म्हणजे नसती अडगळ ठरले. १८७५ मध्ये हा मनोराही लिलावात १८० येनला विकला गेला. लाकूड आणि लोखंड काढून घेण्यापलीकडे त्याची किंमत कोणाच्या लेखी नव्हती. काट्सुबे मोतोएमोन हा सधन शेतकरी आणि ताकागी गोंपाची हा माजी सामुराई यांनी पैसा उभा करून तो वाचवला. पुढे २०१२ मध्ये किल्ल्याच्या आवारातील देवळात १६११ सालचा उल्लेख असलेल्या दोन लाकडी प्रार्थनापट्ट्या सापडल्या. त्यांवरील खिळ्यांची छिद्रे तळघरातल्या खांबांवरच्या छिद्रांशी तंतोतंत जुळली. बांधकामाचे साल असे पक्के झाले आणि २०१५ मध्ये या मनोऱ्याला राष्ट्रीय संपदेचा दर्जा मिळाला. मोठ्या इतिहासाचा निकाल खिळ्याच्या छिद्रांनी लागावा, हे मला फार आवडले.

खंदकातून १९९७ पासून पर्यटकांच्या नावा चालतात. काही पूल इतके ठेंगणे आहेत की नावाडी सूचना देतो, नावेचे छत हळूहळू खाली येते आणि बसलेल्या सर्वांना कमरेत वाकावे लागते. (हौशी छायाचित्रकारांची तारांबळ पाहण्यासारखी असते.) बाहेर शिओमी नावाते या रस्त्याच्या कडेला सामुराईंच्या घरांची रांग आहे, १८९० मध्ये येथे इंग्रजी शिकवायला आलेले लेखक लाफ्काडिओ हर्न याच रस्त्यावर काही काळ राहिले होते.

पण मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते ते सरोवर. त्याचे पाणी धड गोडे नाही, धड खारे नाही. ओहाशी नदी आणि नाकाउमी या खाजणामार्गे समुद्राचे पाणी आत येते आणि याच मिश्रणात शिजिमी नावाचे छोटे काळपट शिंपले वाढतात. १९६० च्या दशकात नाकाउमीत बांध घालून ही दोन्ही सरोवरे गोड्या पाण्याची करण्याची आणि भराव टाकून शेतजमीन काढण्याची योजना आखली गेली. कागदावर ती विकासाची होती. शिंपल्यांच्या दृष्टीने ती मृत्युदंडाची होती. मच्छीमार आणि नागरिक विरोधात उभे राहिले, १९८८ मध्ये गोड्या पाण्याचे काम थांबले आणि २००२ मध्ये ते कायमचे सोडून देण्यात आले. तोवर खर्च झालेला पैसा पाहता माघार घेणे सोपे नव्हते, म्हणूनच तिचे मोल मोठे.

हे सारे कळते ते मुक्काम केल्यावरच. भल्या पहाटे सरोवरावर होड्या दिसतात. लांब दांड्याच्या लोखंडी जाळीने तळ खरवडून शिंपले काढण्याचे काम चाललेले असते. लहान शिंपले जाळीच्या फटींतून परत पाण्यात पडावेत म्हणून त्या फटींचे माप ठरलेले आहे आणि दिवसाला किती शिंपले काढायचे यावरही मच्छीमारांनी स्वतःच मर्यादा घालून घेतली आहे. संध्याकाळी काठावरच्या कलासंग्रहालयात जावे. मार्च ते सप्टेंबर या काळात ते सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होते. घड्याळाऐवजी सूर्याच्या वेळेवर दार लावणारी सरकारी संस्था मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. ज्यांना इझुमोला जायचेच आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी सरोवराच्या उत्तर काठाने जाणारी इचिबाता रेल्वे धरावी. खिडकीची जागा डावीकडची घ्यावी.