लूज कॉन्टॅक्ट

सध्या ऑफिसच्या ग्रुपवर माझं तोंड स्टिकर म्हणून फिरतंय. डावा डोळा मिटलेला, उजवा छताकडे, तोंड ‘आ’ आणि ‘ऑ’च्या मधे कुठेतरी अडकलेलं, आणि हात नाकाशी. तो हात खरं तर चष्मा वर सारायला निघाला होता, पण चित्रात तसं वाटत नाही. तिमाही आढाव्याच्या मीटिंगमध्ये मी ‘आपल्या टीमची कामगिरी’ म्हणत होतो. ‘काम’पर्यंत आवाज पोचला आणि मी गोठलो. कॉन्फरन्स रूमच्या भिंतीएवढ्या पडद्यावर बराच वेळ तसाच होतो म्हणे. कुणीतरी फोटो काढला, मागचं कपाट कापून टाकलं, आणि आता ‘जेवायला कोण येतंय?’ असं विचारलं की उत्तरादाखल मी हजर. सुट्टी नामंजूर झाली, मी. पगारवाढ कळली, मी. परवा तर एचआरच्या बाईंनी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आभार मानताना मला वापरलं. मीही खाली हसरा चेहरा टाकला. काय करणार, हसलं नाही की लागलं असं समजतात.

हे सगळं नव्या लॅपटॉपमुळे. जुन्याची बिजागरी तुटलीय, ‘ए’ची कळ निघालीय, पण त्याच टेबलावर, त्याच राउटरवर तो मुलीला तासन्‌तास कार्टून दाखवतो आणि एकदाही अडत नाही. हा नवा हप्त्यांवर आणलेला, अंगानं धातूचा, चकचकीत. मनात आलं की नेट सोडतो. बरं, सोडलं असं सांगतही नाही. कोपऱ्यात वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं, शेजारी ‘कनेक्टेड’ लिहिलेलं, आणि पानावर गोल गोल फिरणारं चक्र. नेटवाल्यांना फोन केला तर, “सर, आमच्याकडून सगळं ग्रीन दिसतंय, तुमच्या डिव्हाइसचा इश्यू असेल.” लॅपटॉपवाल्यांना केला तर, “सर, बाकी सगळं ओके आहे, राउटर रिस्टार्ट करून बघितलात का?” दोघेही इतके नम्र, की भांडायला जागाच नाही.

तर मी उघडा लॅपटॉप तळहातावर घेऊन पॅसेजमधून सिग्नल शोधत फिरत होतो आणि दार उघडं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका टँकरच्या पैशांचं विचारायला आले होते. काका वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेत. लोक खिशाला पेन लावतात तिथे ते टेस्टर लावतात. लग्नाला जातानाही.

“काय रे, काय झालं?”

“वायफाय जातंय काका सारखं.”

काकांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. “लूज कॉन्टॅक्ट.”

“अहो काका, वायरलेस आहे ते. वायरच नाही, तर लूज काय होणार?”

“वायर नसू दे. कॉन्टॅक्ट तर लागतोच की. बिनकॉन्टॅक्टचं कसं चालेल?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मौन म्हणजे संमती समजून काका चपला काढून आत आले. “मेन कुठाय?” राउटर दाखवला. दारावरच्या माळ्याजवळ, नेट जोडायला आलेल्या पोरानं जिथे भोक पाडलं तिथे तो बसलाय. आपल्या घरात राउटरची जागा आपण ठरवत नाही, ड्रिल मशीन ठरवतं. काकांनी स्टूल मागवलं, वर चढले, राउटरचे दांडे एकेक करून पिळले, सॉकेटवर टेस्टर लावून “फेज बरोबर आहे” असं खालच्या जगाला कळवलं आणि उतरले.

“आता मशीन आण.”

“मशीन ठीक आहे हो काका, ते सिग्नलचं…”

“आण तर.”

लॅपटॉप चार्जरला लावून टेबलावर ठेवला. काकांनी टेस्टरचं टोक त्याच्या चकचकीत पाठीवर टेकवलं, मागे बोट ठेवलं, आणि टेस्टर पेटला. मंद, पण पेटला. काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो निवृत्तीच्या समारंभात शाल घेतानाच्या फोटोतही नाही.

“बॉडीला करंट येतोय!”

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मुलीला ताबडतोब खुर्चीवर चढवण्यात आलं. मी सांगत होतो, की काका, चार्जर दोन पिनांचा आहे, अर्थिंगची पिनच नाही, आणि धातूच्या अंगाला असा बारीक झिणझिणाट येतो, आत एक कपॅसिटर असतो त्याच्यातून ती गळती होते, ती धोका नसेल इतकी कमीच ठेवलेली असते. पण ‘अर्थिंग नाही’ एवढेच दोन शब्द काकांपर्यंत पोचले.

“मग! अर्थिंग नाही, बॉडीला करंट, तर नेट थांबेल का आत? काढ तो चार्जर.”

काढला. काका, बायको, खुर्चीवरची मुलगी आणि मी, सगळे पडद्याकडे बघत उभे. थोडा वेळ चाललं. काकांनी भुवया उडवल्या. आणि नेट गेलं.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. काकांनी चार्जर स्वतःच्या हातानं पुन्हा लावला. काही क्षणांत नेट आलं. काढला, थोड्या वेळानं गेलं. लावला, आलं.

“बघ,” काका म्हणाले, “करंट लागतो.”

मघाशी करंट येत होता म्हणून जात होतं. आता करंट नाही म्हणून जात होतं. आणि संताप असा, की दुसऱ्या वेळी त्यांचं बरोबर होतं. रात्री सेटिंगच्या सेटिंगच्या सेटिंगमध्ये उतरलो तेव्हा वायफाय कार्डाच्या नावाखाली एक चौकट सापडली: वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला मुभा. तिथे टिक आधीच केलेली होती. म्हणजे चार्जर काढला की लॅपटॉप काटकसर सुरू करतो, आणि घरात सगळ्यात आधी बंद करण्यासारखी गोष्ट कोणती, तर वायफाय. पडदा झगझगीत चालू, कीबोर्डखालचे शोभेचे दिवे चालू, कंपनीचं स्वतःचं स्वागत करणारं सॉफ्टवेअर चालू, आणि बंद काय तर ज्यासाठी लॅपटॉप घेतला ते. ही मुभा दिली कुणी? मी नाही दिली. डब्यातून काढल्यावर मी शंभर प्रश्नांना ‘ॲग्री’ म्हटलं होतं हे खरं, पण त्यात हा नव्हता.

टिक काढली. दिवसा सुधारलं. संध्याकाळ झाली की पुन्हा तेच.

मग मोबाईलवर एक ॲप टाकून आसपासची नेटवर्कं बघितली आणि सोसायटीचं खरं दर्शन झालं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांना न खेटता चालतील असे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आमची अख्खी इमारत ६ वर बसली होती. पार्किंगच्या मीटिंगला कोरम होत नाही, पण इथे सगळे. त्यात हा पट्टा मुळात बोलण्यासाठी राखलेलाच नाही. उद्योग, विज्ञान, वैद्यक यांच्या यंत्रांसाठी तो मोकळा सोडलेला. मायक्रोवेव्ह ओव्हन तिथलाच, २.४५ गिगाहर्ट्‌झवर. म्हणजे शेजारी भात गरम करायला ठेवतात तो त्यांच्या हद्दीत, आणि मी ईमेल पाठवतो तो उपरा. भारतात या पट्ट्यात घरगुती वायफायला परवान्यातून सूट २००५ साली मिळाली. हे मी काकांना जिन्यात सांगितलं तर ते म्हणाले, “तिथेच चुकलं. आमच्या वेळी रेडिओ ऐकायचा तर पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागायचे. फुकट दिलं की गर्दी होणारच.”

पाच गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी असते. पण त्या लहरी भिंती फार ओलांडत नाहीत, आणि माझ्या टेबलाच्या वाटेत एक आरसीसीची भिंत आणि बायकोच्या माहेरचं आरसा लावलेलं लोखंडी कपाट आहे. भिंत हलत नाही आणि कपाटाबद्दल बोलता येत नाही. राउटरनं दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं, त्यामुळे लॅपटॉप आपला इकडून तिकडे उड्या मारत बसतो, आणि प्रत्येक उडीत मीटिंगमधलं माझं एक वाक्य पडतं. नावं वेगळी केली. तेव्हा तो दोघांनाही सोडायला लागला.

पुण्याहून ऐंशीएक किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या चमूनं उभारलेल्या. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली होती, की त्या दुर्बिणीनं एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा रेडिओ सिग्नल टिपला, जो सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. पृथ्वी नव्हती, सूर्य नव्हता, तेव्हापासून तो वाटेत होता आणि मधे कुठे ‘रिकनेक्टिंग’ न म्हणता जुन्नर तालुक्यात पोचला. वाटेतल्या एका दीर्घिकेनं भिंगासारखं काम करून उलट त्याला मोठं केलं. माझ्या वाटेतल्या कपाटानं काय केलं ते सांगितलंच. आणि वायफायची आजची रूपं ज्या गणितावर उभी आहेत त्याचा एक मोठा तुकडा ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्राकडून आलेला आहे. जॉन ओसुलिव्हन नावाचे गृहस्थ छोट्या कृष्णविवरांच्या स्फोटांचे सिग्नल शोधत होते. ते सापडले नाहीत. पुसट, विस्कटलेला सिग्नल पुन्हा नीट कसा करायचा याचा त्यांचा अनुभव मात्र पुढे कामी आला, भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी निस्तरायला. हे वाचून मला अभिमान वाटायला हवा होता. मला वाटलं, इतकं सगळं करून शेवटी हॉलमधून बेडरूममध्ये नाहीच येत ना?

शेवटी वायर ओढायची ठरवली. पण या लॅपटॉपला लॅन केबलचं भोक नाही. पातळ दिसण्यासाठी ते काढून टाकलंय. म्हणजे पैसे भरून कमी भोकं घ्यायची, मग आणखी पैसे भरून भोकांचा हब घ्यायचा. घेतला. केबल आणली. काकांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ते हातोडी आणि क्लिपांची पुडी घेऊन आले आणि राउटरपासून दाराच्या चौकटीवरून, कपाटाला वळसा घालून टेबलापर्यंत केबल अशी सरळ ठोकली, की घर एकदम सरकारी दिसायला लागलं. काम संपल्यावर त्यांनी केबलचं टोक हबमध्ये खोचलं, टक्‌ असा आवाज झाला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “हा कॉन्टॅक्ट.” चहा दोनदा झाला. टँकरचे पैसेही त्याच बैठकीत द्यावे लागले.

नेट आता जात नाही. मीटिंगमध्ये मी सलग हलतो. फक्त आता माऊस अडकतो. तोही वायरलेस, लॅपटॉपबरोबरच दुकानदारानं “असू द्या सर, वायरींची कटकट नको” म्हणत गळ्यात मारलेला. बाण पडद्याच्या मधोमध थांबतो आणि मग भलतीकडे उडी मारतो. वाचल्यावर कळलं, की यूएसबी ३ च्या हबमधून डेटा पळायला लागला की त्याचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास सांडतो, आणि माऊसही तिथेच बोलतो. इंटेलनं २०१२ सालीच यावर शोधपत्र काढलंय. कालपरवापर्यंत मला हे शब्दही माहीत नव्हते, आणि आता मला ते पाठ आहेत, पगार मात्र यातला मला कुणी देत नाही.

दुकानदाराला फोन लावला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यानं, हबसकट.

“सर, वायरवाला माऊस का नाही घेत?” तो म्हणाला. “वायरलेसमध्ये असले प्रॉब्लेम येतातच.”