‘घर सहा महिन्यांत होतं, पुढची सगळी चालढकल’: या दाव्याला उत्तर

घर बांधायला काढलं की एक संदेश हमखास फोनवर येतो. त्यातलं म्हणणं असं: साधं दोन मजली घर सहा महिन्यांत झालंच पाहिजे, त्यापुढचा प्रत्येक दिवस कंत्राटदाराची चालढकल. माणसं दुप्पट लावा, वेळ निम्मा होतो. स्लॅब पडला की घर झाल्यात जमा. तरी भरवसा नसेल तर सांगितलेल्या मुदतीला दोनने गुणा. पुरावा म्हणून खाली एम्पायर स्टेट बिल्डिंगचं चित्र: १०२ मजले, ४१० दिवस.

अशा आकड्यांवर विसंबून लोक भाड्याचं घर सोडण्याची तारीख ठरवतात, म्हणून याचं नीट उत्तर द्यायला हवं.

आधी ते चित्र. ४१० दिवसांचा आकडा खरा आहे. मार्च १९३० मध्ये उभारणी सुरू झाली आणि १ मे १९३१ ला इमारतीचं उद्घाटन झालं. पण तिचा सांगाडा पोलादी होता. तुळया कारखान्यातून मापाने कापून येत आणि जागेवर फक्त जोडल्या जात. वर पोलाद चढत असताना खालच्या मजल्यांवर भिंती आणि वायरिंग चालू असे. हजारो माणसं एकाच वेळी राबली, कारण त्यांना राबायला तेवढे मजले होते. आपल्या घरात बाथरूम दोन किंवा तीन. प्लंबर आत असेल तर फरशीवाला बाहेर थांबणार.

माणसं दुप्पट लावण्याचा सल्ला इथेच फसतो. खोदाई, माल वाहणं, सळई बांधणं ही कामं जास्त हातांनी लवकर उरकतात. पण कॉंक्रीटला हात मोजता येत नाहीत. त्याची ताकद २८ दिवसांवर धरतात; सातव्या दिवशी ती साधारण दोन तृतीयांश असते. साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर १४. सहा मीटरपेक्षा लांब तुळईखाली २१. हवा थंड असेल तर आणखी थांबायचं. तोवर त्या टेकूंच्या जंगलात खालच्या मजल्याचं फारसं काही होत नाही. विटांची भिंतही एका दिवसात साधारण दीड मीटरच चढवतात, कारण खालचा ओला मसाला वरचा भार पेलत नाही. प्लास्टरला आधी पाणी मारायचं, मग ते वाळू द्यायचं, आणि मगच रंग. घाई केली तर रंगाचे पोपडे निघतात. वॉटरप्रूफिंग केल्यावर पाणी साठवून गळती बघायची असते, त्यातही एक ते तीन दिवस जातात. घाई झालेल्या घरांमध्ये ही पाहणी सर्रास गाळली जाते. पुढे त्याच टाइल्स फोडाव्या लागतात.

‘स्लॅब पडला की घर झालं’ हा या संदेशातला सगळ्यात घातक भाग. बाहेरून घर दिसू लागतं, पण वेळेचा मोठा वाटा तिथून पुढे लागतो. स्लॅबपर्यंत ठरावीक दोन-तीन टोळ्या असतात. त्यानंतर गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीवाला, सुतार, खिडक्यांवाला, रंगारी हे एकमेकांच्या मागे उभे राहतात. गवंडी चार दिवस आधी मोकळा झाला म्हणून प्लंबर चार दिवस आधी येत नाही, त्याचं दुसरीकडे काम चालू असतं. गवंडी चार दिवस उशिरा मोकळा झाला तर मात्र प्लंबर दुसऱ्या कामाला निघून जातो. म्हणजे वाचलेले दिवस हवेत जातात आणि गेलेले दिवस पुढे साचतात.

आणि मालकाचं काय? कमोड भिंतीवर टांगायचा की जमिनीवर बसवायचा, हे ठरल्याशिवाय पाइप भिंतीत गाडता येत नाही. ओट्यावर सिंक कुठे, पंख्याचा पॉइंट कुठे, टाइल कोणत्या मापाची? यातला प्रत्येक निर्णय एखाद्या कारागिराला थांबवून ठेवू शकतो. असा लांबलेला निर्णय कंत्राटदाराच्या नावावर मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

चालढकल होतच नाही, असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणची माणसं उचलून दुसरीकडे लावणारे कंत्राटदार आहेत. चालढकल ओळखायची तर काम बंद दिसल्यावर विचारावं, ‘आत्ता कशासाठी थांबलो आहोत?’ उत्तर क्युरिंग, म्हणजे कॉंक्रीट ओलं ठेवणं, असेल तर स्लॅबवर पाणी दिसलं पाहिजे. उत्तर माल असेल तर ऑर्डरची तारीख दाखवता आली पाहिजे. दोन्ही नसेल, तर तक्रार रास्त आहे.

राहिला दोनने गुणण्याचा नियम. अंदाज तोकडे पडतात, हे खरं. १९९४ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध संपवायला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं, लागले ५५ च्या वर. सगळं बिघडलं तर किती लागतील, याचं त्यांचं उत्तरही ४९ च्या आतच होतं. घराला तर टप्पे कितीतरी. एकमेकांवर अवलंबून नसलेले दहा टप्पे धरा आणि प्रत्येक वेळेवर होण्याची शक्यता ९० टक्के धरा. दहाही वेळेवर होण्याची शक्यता ३५ टक्केच उरते. पण दोनने गुणून काय कळतं? टेकूचे दिवस दुप्पट होत नाहीत, न ठरलेल्या टाइलचे तिप्पटही होतात. शिवाय सगळेच दोनने गुणतात हे कंत्राटदारालाही ठाऊक असतं, मग तो मुदत निम्मी करून सांगतो.

त्यापेक्षा त्याने बांधलेली आपल्याएवढी शेवटची तीन घरं विचारावीत. पाया खणला कधी, मालक राहायला आले कधी, हे त्या मालकांकडूनच घ्यावं. त्यातल्या सगळ्यात लवकरच्या आणि सगळ्यात उशिराच्या घराचे महिने लिहून ठेवावेत आणि भाड्याचं घर उशिराच्या आकड्यापर्यंत धरावं. जोत्याचं काम चालू असतानाच कमोड, सिंक, टाइल्स आणि खिडक्या ठरवून टाकाव्यात.