स्कार दिसला म्हणजे एफएनएचच असं नाही हो
लेख छान आहे पण ‘लिव्हरच्या गाठीत मधोमध स्कार दिसला की ती एफएनएच, साधी गाठ, काळजी नको’ हे वाक्य खटकलं. (एफएनएच म्हणजे फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया, कॅन्सर नसलेली गाठ; स्कार म्हणजे गाठीच्या मधोमध दिसणारा व्रणासारखा भाग.) फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा नावाचा दुर्मीळ कॅन्सर पण बराचसा तसाच दिसतो, आणि होतो कोणाला तर जास्त करून विशी-तिशीतल्या पोरापोरींना, ना सिरॉसिस (लिव्हर कडक होणं) ना काही, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) पण बहुतेकदा नॉर्मल, मग शंका येणार कुठून? मी एमआरआय टेक्निशियन आहे, रिपोर्ट लिहायचं काम माझं नाही, पण आमच्या मॅडम अशी गाठ आली की आधी टी-टू (एमआरआयमधल्या फोटोंचा एक प्रकार) उघडतात. एफएनएचचा स्कार त्यात सहसा पांढरा चमकतो आणि कॉन्ट्रास्ट (तपासणीत शिरेतून देतात ते औषध) उशिरा धरतो, फायब्रोलॅमेलरचा बहुधा काळाच. लिव्हरचं स्पेशल कॉन्ट्रास्ट दिलं तर वीसेक मिनिटांनी एफएनएच ते धरून बसलेली असते, फायब्रोलॅमेलरची गाठ मात्र शक्यतो काळी पडते. सीटीत स्कारमध्ये कॅल्शियमचे ठिपके दिसले तर संशय अजून वाढतो, आजूबाजूचे लिम्फ नोड्सही बघावे लागतात. आणि ते ‘साधा सीटी करा, कॉन्ट्रास्ट नको, पैसे वाचतील’ म्हणणारे! त्यात कॅल्शियम तेवढं दिसेल, बाकी काय कप्पाळ कळणार.